विश्लेषण : मोबाइलवर जास्त वेळ कोणाचा – नातवाचा, आईबाबांचा की आजोबांचा?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही मुले सोडेनात, ही तक्रार या निर्णयामागे होती. पण तेव्हाच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. गावात ही कल्पना प्रथम मांडली तेव्हा पुरुषमंडळी हसली. महिलांनी मात्र आपणही मालिकांत आणि मोबाइलमध्ये गुंततो हे मोकळेपणाने मान्य केले आणि निर्णय उचलून धरला. त्यामुळे मुलांसाठी आलेला भोंगा घरातल्या सगळ्यांना लागू झाला. ‘हल्लीची मुले सारखी मोबाइलवर असतात’ हे वाक्य ज्या घरांत रोज ऐकू येते, तेथे ते वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोबाइलच असतो. मग कोणत्या पिढीचा किती वेळ फोनवर जातो, आणि तो मोजतात तरी कसा?

भारतीय माणूस रोज किती वेळ फोनवर असतो?

या प्रश्नाला सध्या दोन उत्तरे मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिले उत्तर उद्योगक्षेत्राचे. फिक्की आणि ईवाय यांच्या माध्यम व मनोरंजन उद्योगावरील मार्च २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतीयांनी मिळून १.१ लाख कोटी तास स्मार्टफोनवर घालवले. वापरकर्त्यामागे हा वेळ दिवसाला सुमारे पाच तास होतो. त्यातला जवळपास ७० टक्के वेळ समाजमाध्यमे, गेम आणि व्हिडीओ यांत गेला.

दुसरे उत्तर सरकारचे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जानेवारी ते डिसेंबर २०२४ या काळात ‘वेळ वापर सर्वेक्षण’ केले. सुमारे १.३९ लाख कुटुंबांतील ४.५४ लाख व्यक्तींना त्यांचा एक दिवस कसा गेला ते विचारले. सहा वर्षांवरील भारतीय आपल्या दिवसाचा ११ टक्के वेळ संस्कृती, फावल्या वेळातील करमणूक, प्रसारमाध्यमे आणि खेळ या गटातील गोष्टींवर घालवतो, असे त्यातून दिसले. चोवीस तासांच्या हिशेबात हे साधारण दोन तास ३८ मिनिटे झाले. २०१९ च्या अशाच सर्वेक्षणात हे प्रमाण ९.९ टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत रोज १५-१६ मिनिटांची भर पडली.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे नुसत्या फोनचे पाच तास. दुसरीकडे टीव्ही, वर्तमानपत्र, क्रिकेट, पत्ते, छंद आणि मोबाइलवरची करमणूक असे सगळे धरून अडीच तासांच्या थोडे वर. फरकाचा काही भाग सहज समजतो. पहिला आकडा फक्त स्मार्टफोन वापरणाऱ्यांचा आहे; १.१ लाख कोटी तासांना रोजच्या पाच तासांनी भागले तर साधारण ६० कोटी वापरकर्ते येतात. दुसऱ्या आकड्यात ज्यांच्या हाती फोनच नाही असे लोकही आहेत. शिवाय फोनवर कामही होते, बँक होते, शाळेचा गृहपाठही होतो, आणि ते सगळे करमणुकीत धरले जात नाही. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. उरलेला फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि पिढ्यांची तुलना तेथेच फसते.

वेळ मोजण्यात गडबड कुठे होते?

सरकारी सर्वेक्षणात आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत मांडला जातो. एका खान्यात जास्तीत जास्त तीन कामे लिहिता येतात आणि प्रत्येक काम किमान दहा मिनिटांचे असावे लागते. शेती, स्वयंपाक, प्रवास, झोप यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. मोबाइलचा वापर मात्र असा सलग नसतो. भाजीला फोडणी देताना दोन मिनिटे, बसथांब्यावर चार, जेवताना तीन, जाहिरात लागली की एक. दहा मिनिटांखालचे हे तुकडे वहीत येत नाहीत. दिवसभरात असे चाळीस तुकडे झाले तर दीड-दोन तास कुठे गेले ते सांगणाऱ्यालाही आठवत नाही.

लोकांना थेट विचारले तर? तेही फारसे भरवशाचे नाही. ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०२१ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांची तुलना करणारे अनेक अभ्यास त्यात एकत्र केले होते. दोहोंतला संबंध मध्यम स्वरूपाचाच निघाला. लोकांनी सांगितलेला वेळ क्वचितच अचूक होता; कोणी कमी सांगत होते, कोणी जास्त. वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘अमुक पिढी रोज इतके तास मोबाइलवर’ अशा बऱ्याच बातम्या विचारून मिळालेल्या उत्तरांवरच उभ्या असतात, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

राहिला फोनचा स्वतःचा मीटर. ॲण्ड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ ही सोय २०१८ मध्ये आली. हा मीटर खोटे बोलत नाही, पण तो माणसाचा वेळ मोजत नाही. पडदा सुरू असताना समोर कोणते ॲप उघडे आहे, एवढेच तो मोजतो. आजींनी दुपारी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून यूट्यूबवर कीर्तन लावले आणि त्या पोळ्या लाटत राहिल्या, तर मीटरवर पूर्ण दीड तास चढतो. कारण पैसे न भरता यूट्यूब ऐकायचे तर पडदा सुरूच ठेवावा लागतो. नातू मात्र कानात इअरफोन घालून, पडदा बंद करून दोन तास गाणी ऐकतो आणि त्याच्या मीटरवर जेमतेम काही मिनिटे दिसतात. दोघांपैकी पडद्याकडे डोळे लावून कोणीच बसलेले नसते, आकडे मात्र एकाचे फुगतात आणि दुसऱ्याचे आक्रसतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्याकडे फोन अनेकदा माणसाचा नसतो, घराचा असतो. सकाळी वडिलांबरोबर शेतावर किंवा दुकानात, दुपारी आईकडे, संध्याकाळी मुलांकडे. त्या फोनवर सात तास दिसले तर ते कोणाच्या नावावर मांडायचे? एका माणसामागे एक फोन हे पाश्चात्त्य देशांतील गृहीतक येथे लागू पडत नाही. ज्या घरांत लागू पडते तेथे ती मुख्यतः शहरी, कमावत्या लोकांची कथा असते.

तरीही पिढ्यांमध्ये फरक दिसतोच ना?

दिसतो. ब्रिटनमधील ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था संगणक, टॅबलेट आणि फोन यांवरील ऑनलाइन वेळेची नोंद दरवर्षी प्रसिद्ध करते. मे २०२४ मध्ये तेथील प्रौढ व्यक्ती दिवसाला सरासरी चार तास २० मिनिटे ऑनलाइन होती. १८ ते २४ वयोगटाचा आकडा सहा तासांच्या किंचित वर होता. तरुण पुढे आहेत, यात वाद नाही. पण सगळ्या प्रौढांची सरासरीही चार तासांच्या पुढे आहे. ‘तरुण बुडाले आणि बाकीचे काठावर उभे आहेत’ असे चित्र त्यातून निघत नाही.

भारतात ही तुलना आणखी वेगळी होते. ‘मिलेनियल’ (१९८१ ते १९९६ मधील जन्म) आणि ‘जेन झी’ (१९९७ ते २०१२) ही नावे अमेरिकेतल्या अनुभवांवर बेतलेली आहेत. तेथे आधी घरात संगणक आला, मग इंटरनेट, मग साधा मोबाइल आणि शेवटी स्मार्टफोन. प्रत्येक पायरीवर एक पिढी पुढे आणि एक मागे राहिली. आपल्याकडील बहुसंख्य घरांत मधल्या पायऱ्या आल्याच नाहीत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आजोबा, सून आणि नातू यांच्या हाती जवळपास एकाच वेळी इंटरनेट आले. एकाच घरातील तीन पिढ्यांनी व्हॉट्सॲप एकाच उन्हाळ्यात शिकले, अशी असंख्य घरे महाराष्ट्रात सापडतील. शिकवणारा बहुतेक वेळा नातूच होता, ही त्यातली गंमत.

दुसरा धक्का टाळेबंदीचा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. मुलाच्या शिक्षणासाठी शेळी विकून, उसनवारी करून फोन घेतल्याच्या बातम्या त्या काळातल्याच. २०२५ च्या सरकारी दूरसंचार सर्वेक्षणात देशातील ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन असल्याचे दिसले. याच सुमारास मनोरंजनाची तऱ्हाही पालटली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स. अंगठा वर सरकवला की पुढचा व्हिडीओ. त्यासाठी टाइप करणे, शोधणे, अगदी वाचता येणेही गरजेचे नाही. त्यामुळे जी पिढी कीबोर्डमुळे लांब राहिली असती, तीही आत आली. एरिक्सनच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतात एका स्मार्टफोनवर महिन्याला सरासरी ३२ जीबी डेटा वापरला जात होता आणि हे प्रमाण जगात सर्वाधिक होते. इतका डेटा एकट्या विशीतल्या पोरांनी संपवलेला नाही.

मुलांच्या हाती फोन खरोखर किती?

येथे ‘असर’ची २०२४ ची आकडेवारी उपयोगी पडते. ६०५ ग्रामीण जिल्ह्यांत ती गोळा झाली आणि १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारले गेले. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पालकांची तक्रार निराधार नाही, हे एवढ्यावरून कळते.

पण स्वतःचा फोन किती जणांकडे? वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांत २७ टक्के आणि १६ वर्षांच्यांत ३७.८ टक्के. म्हणजे बहुतेकांच्या हाती असतो तो आईचा किंवा वडिलांचा फोन. मुलगा-मुलगी हा भेदही येथे उघड दिसतो. या वयातल्या ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के होते. ‘मुले फार वेळ मोबाइलवर असतात’ या वाक्यातली ‘मुले’ बहुधा मुलगेच असतात. मुलीच्या हाती फोन दिसला की चिंता तासांची नसते, ती कोणाशी बोलते याची असते. तिला फोन कमी मिळतो तो आरोग्याच्या काळजीपोटी नव्हे. पुढे ऑनलाइन अर्ज भरताना, नोकरीची जाहिरात शोधताना हेच अंतर तिला नडते.

मधल्या पिढीचा हिशेब कोणी मागत नाही, तो का?

कारण त्यांचा वेळ ‘कामाचा’ म्हणून खपून जातो. आणि तो बऱ्याच अंशी कामाचा असतोही. शाळेतील शिक्षकांना केंद्राचा, तालुक्याचा, शालेय पोषण आहाराचा असे वेगवेगळे व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळावे लागतात. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या नोंदी ॲपवर जातात. दुकानदाराची मागणी फोनवर येते, विमा प्रतिनिधीचे गिऱ्हाईक फोनवर असते आणि कार्यालयातील साहेबांचा संदेश रात्री साडेनऊला येतो. अडचण अशी की कामाचा संदेश आणि रील एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी असतात. साहेबांना ‘ओके सर’ लिहून फोन खाली ठेवणारे विरळा. त्या दोन शब्दांमागे वीस मिनिटे जातात आणि तीही मनातल्या मनात कामाच्या खात्यावर लिहिली जातात.

घरातील बाईचा वेळ तर आणखी लपतो. २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. जवळपास पाच तासांच्या या घरकामाच्या आतच तिचा मोबाइल असतो : कुकरच्या शिट्ट्या मोजताना, भांडी घासताना, मुलाला झोपवताना. तिच्यासाठी तो वेगळा फावला वेळ नाही. सलग अर्धा तास पाय पसरून फोन पाहण्याची चैन घरातल्या पुरुषाला जितकी सहज मिळते तितकी तिला मिळत नाही. तरी ‘दिवसभर मोबाइल’ हा टोमणा बहुतेक तिलाच.

पालकांच्या वापराचा मुलांवर काय परिणाम होतो, याविषयी अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी बोलकी आहे. किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक अशा दोघांनाही तेच प्रश्न विचारले होते. आपण बोलायला जातो तेव्हा आईबाबांचे लक्ष निदान अधूनमधून फोनमध्ये असते, असे ४६ टक्के मुलांनी सांगितले. पालकांपैकी ३१ टक्क्यांनीच हे स्वतःबद्दल कबूल केले. आपण फोनवर फार वेळ घालवतो असे ३८ टक्के मुलांना वाटत होते. पालकांमध्ये स्वतःबद्दल असे वाटणाऱ्यांचे प्रमाण त्याहून जास्त, ४७ टक्के होते. पाहणी अमेरिकेची आहे. पण ‘थांब, एक मिनिट’ असे फोनवरून नजर न उचलता म्हणणारे बाबा ओळखायला अमेरिकेत जायची गरज नाही.

आणि आजी-आजोबा?

ज्येष्ठांच्या फोनवापराकडे अजूनही कौतुकाने पाहिले जाते. ‘आई आता व्हिडीओ कॉल करायला शिकली’ ही अभिमानाची गोष्ट असते. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत आणि घरात दोघेच, अशा कुटुंबांत फोन हाच दिवसातला सगळ्यात बोलका सोबती असतो. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’द्वारे मोबाइलपुढे चेहरा धरून देता येतो. बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, दवाखान्याची वेळ हे सगळे फोनवर आल्याने ज्येष्ठांना तो टाळताही येत नाही.

यात चांगलेही काही आहे. ५७ अभ्यासांतील चार लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करणारे एक विश्लेषण २०२५ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्येच प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील ज्या लोकांचा संगणक, फोन, इंटरनेट यांचा वापर होता, त्यांच्यात स्मृती व आकलनशक्ती घटण्याचे प्रमाण कमी आढळले. तंत्रज्ञानामुळेच बुद्धी शाबूत राहिली असे त्यावरून म्हणता येत नाही; ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच फोन शिकतात, असेही असू शकते. पण ‘म्हातारपणी कशाला हवा मोबाइल’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास पाहायला हवा.

दुसरी बाजू घरात कमी बोलली जाते. निवृत्त माणसाच्या दिवसाला शाळेची घंटा नाही, कार्यालयाची वेळ नाही. दुपारी जेवणानंतर हाती घेतलेला फोन चहापर्यंत खाली जात नाही आणि त्याला हटकणारे कोणी नसते. पहाटे जाग आली की उशाशी तोच. मुलांना आपण ‘डोळे बिघडतील’ म्हणतो; वडिलांना असे म्हणायचा धीर किती मुला-सुनांना होतो? शिवाय ज्येष्ठांचे नुकसान तासांपेक्षा पैशांत मोजावे लागते. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे भासवून व्हिडीओ कॉलवर धमकावायचे, घरातच तासन् तास ‘अटके’त ठेवायचे आणि आयुष्यभराची पुंजी वळती करून घ्यायची, अशा ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकारांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने सापडले. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्यावर इशारा दिला होता. ‘असर’ने १४-१६ वर्षांच्या मुलांना नको असलेले खाते ब्लॉक करता येते का, पासवर्ड बदलता येतो का, हेही विचारले होते. फोन वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना पहिली आणि ५८ टक्क्यांना दुसरी गोष्ट येत होती. हाच प्रश्न साठीपुढच्यांनाही विचारायला हवा. कारण फसवणुकीचा फोन आला की तो कापायचा हे नातवाला शाळेत कोणीतरी सांगते, आजोबांना मात्र घरातल्यांनीच सांगावे लागते.

किती तास म्हणजे जास्त?

लहान मुलांसाठी याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षापर्यंत पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत कमाल एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी, अशी मर्यादा सांगितली. जेवण भरवताना बाळापुढे फोन धरणाऱ्या घरांनी तरी ती भिंतीवर लावायला हरकत नाही.

त्यापुढच्या वयासाठी शास्त्रज्ञांतच वाद आहे. जोनाथन हाइट यांच्या ‘द ॲंक्शस जनरेशन’ या २०२४ च्या पुस्तकाने किशोरवयीनांच्या मानसिक आजारांचा दोष स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांवर ठेवला. भारताच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीतही त्याचा उल्लेख आहे. उलट एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या सर्वेक्षणांच्या आधारे दाखवले की, किशोरांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो. हा वाद मिटलेला नाही. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ हा स्वतंत्र उपचार विभाग आहे. असा वापर आजार मानायचा की नाही हे ठरवताना नुसते तास पाहून भागत नाही. झोप, शाळा किंवा नोकरी, खाणेपिणे, घरातली नाती यांपैकी काय काय मोडले, हे पाहावे लागते. तीन तास फोन पाहून वेळेवर झोपणारी मुलगी आणि दीडच तास, पण रात्री एक ते अडीच पाहणारा मुलगा, यांत काळजी कोणाची करायची हे मीटर सांगत नाही. हाच निकष चाळिशीतल्या बाबांना आणि सत्तरीतल्या आजींनाही लावता येतो. लावला जात नाही, एवढेच.

नियम मुलांसाठी की सर्वांसाठी?

जगभरात आतापर्यंतचे बहुतेक नियम मुलांपुरते आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्येच १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला होता, दंडाच्या तरतुदीसह. असे ठराव करणे सोपे असते, कारण ज्यांच्यावर ते लागू होतात त्यांना ग्रामसभेत मत नसते. शिवाय ज्या फोनवर बंदी घालायची तो मुलाचा नसून आईचा असेल, तर ती बंदी पाळली जाते की नाही हे तिनेच पाहायचे. म्हणजे कामात काम वाढले.

जपानमधील ऐची प्रांतातल्या तोयोआके शहराने वेगळी वाट धरली. काम आणि अभ्यास वगळता सर्व नागरिकांनी फोन व इतर पडदे दिवसाला दोन तासांच्या आत ठेवावेत, असा नियम तेथे १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. प्राथमिक शाळेतील मुलांनी रात्री नऊनंतर आणि त्यापुढच्या वयाच्यांनी दहानंतर फोन ठेवून द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. दंड नाही, तपासणी नाही. लोकांच्या खासगी आयुष्यात नगरपालिकेने कशाला डोकवायचे, असा सूर त्यावर तेथे उमटला आणि तो रास्तही आहे. पण त्यात महापौरही आले आणि सहावीतला मुलगाही.

मोहित्यांच्या वडगावचा दीड तास याच जातीचा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी व आशा सेविका घरोघर फिरून आठवण करून देत असत. तो उपाय आजाराचा नाही, सवयीचा आहे, आणि त्याला मर्यादाही आहेत. तीन हजारांच्या आसपास वस्तीच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या गावात भोंगा ऐकू जातो; ठाण्याच्या बावीस मजली इमारतीत तो कोणी आणि कुठे वाजवायचा? रात्रपाळी करणाऱ्याचे, डिलिव्हरी बॉयचे, ज्याचे गिऱ्हाईकच सातनंतर येते त्या दुकानदाराचे काय? पण एक गोष्ट त्या गावात झाली. सात ते साडेआठ या वेळात मुलगा अभ्यासाला बसला आहे आणि शेजारी बाबा रील पाहत आहेत, असे दृश्य तेवढ्यापुरते बंद झाले. साडेआठला दुसरा भोंगा वाजतो, तेव्हा फोन मुलांचेही सुरू होतात आणि मोठ्यांचेही.